चौथं नाक

माझ्या धाकट्या बहिणीला नाक आहे. तसं ते सगळ्यांनाच असतं, आणि आमच्या घरात तर जरा जास्तच वर असतं. पण धाकटीचं नाक कामाचं आहे. बेल वाजायच्या आत दारात कोण आलंय ते तिला कळतं. दूध उद्या नासणार हे आज कळतं. लहानपणी मी चोरून बिस्किटं खाल्ली की ती आईकडे चुगली करायची नाही, फक्त माझ्याजवळून जाताना क्षणभर थांबायची, आणि तेवढ्यावर मला घाम फुटायचा. अशा मुलीबरोबर एका खोलीत वाढणं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक.

तिला पाणीपुरवठा खात्यात मी आणलं. मी तिथल्या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, आणि हे मला स्वतःच सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. लोक नळ उघडतात, पाणी येतं, विषय संपतो. त्या पाण्यात नको ते काही नाही ना, हे बघायला कोणीतरी सकाळपासून राबतंय, हे कोणाच्या गावीही नसतं.

आमच्याकडे एक वासाची खोली आहे. शुद्ध झालेलं पाणी टाकीतून शहरात सोडण्याआधी त्याचा वास घ्यावा लागतो. बारीकसारीक दोष हुडकणारं यंत्र आहे, पण ते दुसऱ्या गावच्या मोठ्या प्रयोगशाळेत, आणि त्याला सावकाश काम करायची सवय. नाक लगेच सांगतं. म्हणून चार माणसं एका टेबलाभोवती बसतात. प्रत्येकासमोर काचेचा चंबू, त्यात कोमट केलेलं पाणी, वर काचेचं बूच. चंबू हलवायचा, बूच काढायचं, नाक जवळ न्यायचं, एक श्वास घ्यायचा. त्याआधी चहा नाही, वासाचा साबण नाही, केसांना तेल नाही. आणि बोलायचं नाही.

पूर्वी प्रत्येकजण आपलं मत चिठ्ठीवर लिहायचा. मग धाकटी आली आणि म्हणाली, शाईला वास येतो. पेन्सिली आणल्या, तर म्हणाली, लाकडाला येतो. शेवटी आम्हीच एक पद्धत काढली. पाणी ठीक असेल तर बूच परत चंबूला लावायचं. वास असेल तर टेबलावर आडवं ठेवायचं. चारांतलं एक जरी बूच आडवं दिसलं तरी पाणी सुटणार नाही, हा नियम. चिठ्ठ्या गेल्या, कटकट गेली, आणि आम्ही सगळे स्वतःवर भलतेच खूश झालो.

चौघं म्हणजे मी, धाकटी, आमचा स्टोअरकीपर आणि निवृत्तीला आलेले पंपवाले काका. स्टोअरकीपरला जगातल्या प्रत्येक गोष्टीवर विनोद सुचतो आणि त्यातला एकही तो गिळत नाही. काकांनी पंपांचा आवाज इतकी वर्षं ऐकलाय की आता ते माणसांशीही ओरडूनच बोलतात. “पोरी,” ते धाकटीला म्हणायचे, “तू आल्यापासून मला घरी गाढ झोप लागते!” त्या वेळी मला हे कौतुक वाटलं होतं. आता त्या झोपेचा राग येतो.

मग ती अत्तरवाली बाई मध्ये आली. आमचं पाणी शहराबाहेरच्या, परफ्युम बनवणाऱ्या एका कंपनीलाही जातं. त्यांच्या धुतलेल्या बाटल्यांना वास येत होता, आणि दोष अर्थातच पाण्याला. मी भांडायच्या तयारीनेच गेले, आणि जाताना धाकटीला घेऊन गेले. तिने बाटल्या हुंगल्या, पाणी हुंगलं, मग कोपऱ्यात रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत डोकं घातलं आणि म्हणाली, “हे खोके ओल्या जागी ठेवले होते.” तिथली प्रमुख, पिकल्या केसांची काटकुळी बाई, हरवलेली किल्ली सापडावी तशी तिच्याकडे बघत राहिली. नंतर आठवड्याच्या आत तिने धाकटीला बोलावणं धाडलं. पगार असा की आमच्या मोठ्या साहेबांनी ऐकला असता तर ते खुर्चीतून खाली आले असते.

आम्ही तिघी, आई, धाकटी आणि मी, एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. खालून दिवसभर औषधाचा आणि तापलेल्या लोकरीचा वास वर येतो. आईला आणि मला तो सवयीने कळत नाही. धाकटी उशाशी ओला रुमाल ठेवून झोपते.

“आयुष्यभर काय पाणीच हुंगत बसायचं तिने?” आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली. “देवाने एवढं नाक दिलंय ते काय चंबूत घालायला?”

“मग काय श्रीमंत बायकांच्या मानेवर शिंपडायला दिलंय?” मी म्हटलं.

“ताई, मला विचारशील का कधी?” धाकटी म्हणाली.

“विचारते. सांग. कशासाठी जायचंय? ज्यांच्या कपाटात आधीच वीस बाटल्या आहेत त्यांना एकविसावी विकायला? इथे अख्खं शहर तुझ्या नाकावर पाणी पितंय.”

“शहराला माहीत तरी आहे का? आजवर एकाने तरी येऊन सांगितलं, की बाई, आज पाण्याला वास नव्हता, बरं वाटलं?”

“म्हणजे तू शाबासकीसाठी काम करतेस?”

“तू नाही करत?”

मी उठले आणि नसलेली भांडी घासायला गेले. मला बसवत नाही अशा वेळी. आईच्या हातातले वाटाणे थांबले होते.

“नाकाने कांदे सोलणं तुझ्याकडून शिकावं,” धाकटी माझ्या पाठीला म्हणाली. “तुला असं कोणी बोलावलं असतं ना, मग कळलं असतं.”

हे वर्मी लागलं. पण माझं म्हणणं माझ्या मनात अगदी पक्कं होतं, आणि अजूनही ते पूर्ण सुटलेलं नाही. जे दुसऱ्या कोणाला जमत नाही ते ज्याला जमतं, त्याने ते जिथे गरज आहे तिथे करावं. एवढं साधं आहे. परफ्युम नसला तर कोणी मरत नाही. मी हे तिला सकाळी सांगितलं, बसच्या रांगेत सांगितलं, जेवताना सांगितलं. शेवटी ती माझ्या पावलांची चाहूल लागली की खोलीतून उठून जायला लागली.

कंपनीचं म्हणणं होतं, आधी थोडे दिवस येऊन काम करून बघ, मग होय-नाही सांग. धाकटीने रजा टाकली आणि गेली. निघताना मी खिडकीशी उभी होते. तिने वर पाहिलं, मी पडदा सारखा करायला लागले.

दुसऱ्या दिवशी वासाच्या खोलीत आम्ही तिघंच. मी चंबू हलवला, बूच काढलं, श्वास घेतला. काहीतरी होतं. म्हणजे, असावं. बोट लावायला जावं तर हाताला काही लागू नये असं काहीतरी. मी बूच हातात धरून विचार करत राहिले, आणि सहज वर पाहिलं, तर स्टोअरकीपरचंही बूच हातात, हवेतच. काकांचंही हवेतच. आणि आम्ही तिघंही एकाच ठिकाणी बघत होतो. धाकटीच्या रिकाम्या खुर्चीकडे.

बोलायचं नाही, हा तर नियमच. मग काकांनी घसा खाकरून बूच चंबूला लावलं. स्टोअरकीपरने लावलं. दोघांनी लावलं म्हटल्यावर माझ्या हातानेही ते लावलं. पाणी शहरात सुटलं. दिवसभर माझं कशातच लक्ष लागेना. चहा केला आणि प्यायलाच नाही, तोच कप धुतला, परत चहा केला.

दुपारी फोन आला तो खालच्या भागातल्या बाळंतिणींच्या दवाखान्यातून. नर्स होती. आवाज शांत होता आणि त्यामुळेच मी बसलेली उठून उभी राहिले.

“तुमच्या पाण्याचं काहीतरी बघा,” ती म्हणाली. “आम्ही पावडरचं दूध करतोय ते बाळं घेत नाहीयेत. ओठाला लावलं की तोंड फिरवतात. एक नाही, सगळीच.”

“सगळीच?”

“सगळीच. मला स्वतःला काही कळत नाहीये. पण त्यांना कळतंय.”

जन्मून आठवडाही न झालेल्या जिवांना कळलं आणि आम्हा तिघांना नाही. त्या बाळांचा मला अभिमान वाटला आणि आमची लाज वाटली, दोन्ही एकदम. मी पाणी बंद करवलं. खालच्या भागात टँकर पाठवले. आणि धाकटीला फोन केला. आवाजात काळजी आणायचा मी खूप प्रयत्न केला, पण खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मी नाचत होते. बघ. बघ, तुझ्याशिवाय काय होतं ते.

ती मिळेल त्या बसने आली. बॅगही खाली ठेवली नाही. चंबू उघडला आणि नाक पुरतं जवळही न नेता म्हणाली, “रबर. नवं, तेलकट.” मग आम्हा सगळ्यांना मागे टाकत ती टाक्यांकडे चालत सुटली. पहिल्या टाकीशी थांबली नाही. खालच्या भागाला पाणी देणाऱ्या दुसऱ्या टाकीच्या झडपेपाशी गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, “इथे.” काकांनी कपाळावर हात मारला. त्या झडपेची रबरी कडी, म्हणजे वॉशर, नुकतीच बदलली होती. पिण्याच्या पाण्याला चालते ती सोडून भलतीच बसवली गेली होती. कडी काढली, टाकी रिकामी केली, धुतली, पुन्हा भरायला लावली. स्टोअरकीपरला, कडी त्याच्याच फडताळातून गेलेली असल्यामुळे, त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

मोठे साहेब खाली आले. साहेब खाली येतात तेव्हा एक तर कोणाला तरी झापायचं असतं किंवा फोटो असतो. या वेळी त्यांनी धाकटीपुढे हात जोडले. “तुमच्याशिवाय हे खातं आंधळं आहे,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी एक खास पद निर्माण करू. मी वर बोलतो.” माझ्याकडे बघून म्हणाले, “मॅडम, बहिणीला सोडू नका हं.” मी मान हलवली. माझ्या मते वाद तिथेच संपला होता.

साहेब गेल्यावर आम्ही दोघी गाळण टाक्यांच्या पायऱ्यांवर बसलो. बाकी कामगार पांगले होते. धाकटी पायाने वाळू उकरत होती. मी तिला रंगवून सांगायला लागले. कसे तिघं बसलो, कशी बुचं हातातच राहिली, आणि कसे आम्ही तिच्या खुर्चीकडे बघत होतो.

“थांब,” ती म्हणाली. “तुम्ही बुचं हातात धरून माझ्या खुर्चीकडे बघत होतात?”

“हो ना!” मला वाटलं ती हसेल.

“म्हणजे मी खुर्चीत असते तेव्हा माझ्या बुचाकडे बघता.”

“अगं, बघणारच. तुझं नाक चुकत नाही म्हणून—”

“ताई, हिवाळ्यात मला सर्दी झाली होती. आठवतंय?”

आठवत होतं. रुमाल घेऊन हिंडत होती.

“तो सगळा आठवडा मला कशाचाही वास येत नव्हता. नाकापुढे जळता कपडा धरला असता तरी नसता आला. मी काकांना सांगितलं, मला बसवू नका. ते म्हणाले, पोरी, तुझी सर्दीसुद्धा आमच्या नाकापेक्षा बरी. मग मी बसले. रोज बूच लावत होते. आणि तुम्ही तिघंही लावत होतात.”

वाऱ्याने टाकीतलं पाणी हललं. मला माझ्या हातांचं काय करावं कळेना. एक आठवडा अख्ख्या शहराने कोणीच न हुंगलेलं पाणी प्यायलं होतं आणि नशीब चांगलं म्हणून काही झालं नव्हतं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुला? तू तर भेटेल त्याला सांगत फिरतेस, माझ्या बहिणीचं नाक कधी चुकत नाही. तुला कसं सांगणार होते मी?”

मग ती एकदम भडाभडा बोलायला लागली. तिकडे कंपनीत सहा नाकं आहेत. प्रत्येकाला वेगळी छोटी खोली. एकमेकांचे चेहरेसुद्धा दिसत नाहीत. नंतर सगळे एकत्र येऊन तावातावाने भांडतात. पहिल्याच दिवशी तिने एका मिश्रणाला नाव ठेवलं, तर ती काटकुळी म्हातारी म्हणाली, चूक, परत घे. तिने परत घेतलं. खरंच चूक होती.

“मला इतकं बरं वाटलं, ताई. मला वाटलं, आता खुर्चीत जरा टेकून बसावं. इथे मी चुकले असते तर कोणाला कळलं असतं?”

“म्हणजे तुला चुका करायला एवढा पगार हवाय?” मी म्हटलं. मला दुसरं काही सुचलंच नाही. “आमची नाकं झोपली, तर तू पळून जाणार? उलट थांबायला हवं.”

“मी आहे म्हणून झोपलीत ती.”

“हे बरं आहे. शेजाऱ्याच्या घरात चोर शिरला आणि पहारेकरी म्हणतो, मी होतो म्हणून तुम्ही कुलूप लावलं नाहीत, तेव्हा मी चाललो.”

ती हसली नाही. वाक्य खरं तर चांगलं होतं. “उद्याचं पाणी तरी सोडू दे,” मी शेवटी म्हटलं. “मग काय ते बोल.” घरी जाताना आम्ही बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

सकाळी आम्ही पोचायच्या आधीच ती वासाच्या खोलीत होती. टेबल मधोमध होतं तिथेच, पण चारही खुर्च्या तिने भिंतींकडे तोंड करून फिरवल्या होत्या. प्रत्येकीजवळ एक स्टूल, त्यावर चंबू.

“शिक्षा झाली की काय वर्गात?” स्टोअरकीपर म्हणाला. त्याचा आवाज परत आला होता.

“मागे बघायचं नाही,” धाकटी म्हणाली. “मी सांगेन तेव्हाच वळायचं.”

माझ्या वाट्याला कपाटाकडची भिंत आली. मी चंबू हलवला. बूच काढलं. मागे तिघं होते आणि मला त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता, पण दिसत काहीच नव्हतं. इतकी एकटी मी त्या खोलीत कधी नव्हते. श्वास घेतला. आणि आला. पुसटसा, पण आला. रबर. मी पुन्हा घेतला. परत आला. की मला कालचंच आठवतंय? मान वळवायची इतकी इच्छा झाली की मानेची शीर दुखायला लागली. शेवटी मी डोळे मिटून बूच आडवं ठेवलं. काचेचा स्टुलावर आवाज झाला तो सगळ्यांनी ऐकला असणार.

“वळा,” धाकटी म्हणाली.

काकांचं बूच चंबूला. स्टोअरकीपरचं चंबूला. धाकटीचंही चंबूला. आडवं फक्त माझं.

मोठे साहेब दारातच उभे होते, कारण खालचा भाग कालपासून टँकरवर होता आणि त्यांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. “चला, तिघांचं ठीक आहे,” ते म्हणाले. “सोडा पाणी.”

“एक बूच आडवं आहे, साहेब.”

“तुमचं आहे. यांचं नाही ना?” त्यांनी धाकटीकडे हात केला. “त्या म्हणतायत वास नाही. मग तुमच्या नाकाचं काय घेऊन बसलात, मॅडम? बोला हो तुम्ही.”

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिच्या तोंडून निघालेल्या एका शब्दावर मी लगेच मागे सरले असते. मनातून मी त्याचीच वाट बघत होते.

“मला वास आला नाही,” धाकटी म्हणाली. “पण तिला आलाय.”

तेवढंच. साहेबांच्या कपाळावरची शीर मला स्पष्ट दिसत होती. “नमुना यंत्राकडे पाठवा,” मी म्हटलं. “तोवर पाणी सुटणार नाही. नियम आहे.”

त्या दिवसासारखा लांब दिवस मी काढलेला नाही. मी आवारात फेऱ्या मारल्या. खालच्या भागातले लोक फाटकाशी येऊन ओरडून गेले. एक बाई रिकामी बादली वाजवत होती. साहेबांनी मला दोनदा वर बोलावलं आणि दोन्ही वेळा तेच विचारलं, आणि मी दोन्ही वेळा तेच सांगितलं, दुसऱ्यांदा जरा कमी खात्रीने. दवाखान्याला टँकर मी स्वतः हुंगून पाठवला. आयुष्यात इतकं हुंगलं नव्हतं मी.

दुपार कलल्यावर त्या मोठ्या प्रयोगशाळेतून फोन आला. पाणी स्वच्छ. त्यात काहीही नाही.

साहेबांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पाणी सोडायला सांगून ते गेले. आम्ही चौघं वासाच्या खोलीत उरलो. काकांना झडप उघडायला जायचं होतं, म्हणून त्यांनी हातमोजे घ्यायला माझ्या खुर्चीसमोरचं कपाट उघडलं. आणि चौघांनीही एकदम नाकं वर केली. काल झडपेवर वापरलेले, रबराच्या तेलाने बरबटलेले मोजे काकांनी तिथेच कोंबून ठेवले होते.

“आला!” स्टोअरकीपर ओरडला. “मला आला! शप्पथ, कोणाकडे न बघता आला!”

काका इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. “म्हणजे मॅडमचं नाक बरोबर होतं,” ते ओरडले. “फक्त भिंत चुकली!” मीही हसले, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. ते हसण्याचं होतं की खालच्या भागाला माझ्यामुळे उगाच अर्धा दिवस ताटकळावं लागलं त्याचं, हे मला सांगता येणार नाही. चूक होती ती माझी. पण ती मी कोणाच्या तोंडाकडे बघून केली नव्हती.

ते दोघं गेले. धाकटी खुर्च्या परत टेबलाकडे वळवायला लागली, मग थांबली आणि तशाच राहू दिल्या.

“ताई, एक खरं सांगू?”

“आजवर काय खोटं सांगत होतीस?”

“नाही, ते सगळं खरंच आहे. ती म्हातारी, वेगळ्या खोल्या, चुका. पण ते मागाहून सुचलं. आधी मी पगार ऐकला आणि त्याच क्षणी ठरवलं, जायचं. मला ड्रायक्लीनिंगच्या वासाशिवायचं एक घर हवंय. आईसाठी पण, पण आधी मला. बाकीचं सगळं तुला सांगता यावं म्हणून शोधत होते. शोधता शोधता खरं काहीतरी सापडलं, एवढंच.”

मला राग यायला हवा होता, आणि आला. इतके दिवस मी ज्याच्याशी भांडत होते तेच ती अखेर कबूल करत होती. पण तो राग तिच्यावर ठरेना, तो येऊन जाऊन माझ्यावरच बसत होता.

“मला कोणी असं बोलावलं असतं ना,” मी म्हटलं, “तर मी तुझ्याएवढा विचारसुद्धा केला नसता. धावत गेले असते.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तरी कुठे हे माझ्या तोंडून आधी कधी ऐकलं होतं? बाहेर पंप सुरू झाले आणि जमीन थरथरायला लागली. खालच्या भागात पाणी निघालं होतं. ते पाणी चांगलंच असायला हवं, रोज असायला हवं, आणि त्यासाठी कोणीतरी चांगलं माणूस इथे बसायलाच हवं, हेही माझ्या दृष्टीने तितकंच खरं होतं. दोन्ही गोष्टी डोक्यात एकमेकींच्या झिंज्या ओढत होत्या आणि दोघींपैकी एकही हरत नव्हती.

“मग जाऊ?” तिने विचारलं.

“जा.”

तिने स्टुलावरचं बूच उचलून ठेवलं, परत उचललं. तिचा चेहरा पडला होता.

“इतक्या पटकन म्हणशील असं वाटलं नव्हतं.”

“मलाही नव्हतं वाटलं.”

“ताई,” ती म्हणाली, “अजून एकदा अडव ना मला.”

माझ्याकडे सगळं तयार होतं. तोंड फिरवणारी बाळं होती, बादली वाजवणारी बाई होती, काकांची निवृत्ती होती. एक वाक्य पुरलं असतं आणि ती राहिली असती, मला पक्कं माहीत आहे. आणि मग आयुष्यभर आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत बसलो असतो.

“नाही अडवणार,” मी म्हटलं. “जा.”

ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि फिरवता फिरवताच, उद्यापासून तिच्या खुर्चीवर कोणाला बसवायचं, याचा विचार करायला लागले.